आजोबांच्या पटाश्यांना धार लावू का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: कोल्हापूरच्या एका वाचक भगिनीनं लिहिलं आहे. वय ३७, नोकरी बँकेत, घर तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. त्यांचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, कुडाळजवळच्या एका गावात सुतारकी करायचे. ते गेल्यावर हत्यारांची पेटी मामांकडे राहिली आणि मामा दर खंडेनवमीला तिची पूजा करत आले. यंदा घर आवरताना त्यांनी ती पेटी भाचीला दिली. तिच्यात सात पटाश्या (लाकूड कोरायची, खाचा पाडायची सपाट पात्याची हत्यारं), दोन लाकडी रंधे, एक लोखंडी रंधा, दोन करवती, एक गुण्या आणि मधोमध खोलगट झालेला निसणा, म्हणजे धार लावायचा दगड, आहे. सगळ्यावर गंज आहे. या बाईंनी आधीच ऑनलाइन सहा पटाश्यांचा स्वस्त सेट मागवून मुलीसाठी पेन्सिलींची पेटी करून पाहिली होती. लाकूड चेचलं गेलं, जोडांत फटी राहिल्या. आता मामा म्हणतात, "घासू नकोस, बाबांचा हात लागलाय त्यांना." यजमान म्हणतात, "मशीन घे, वेळ वाचेल." बाईंनी ४५ हजार रुपये बाजूला ठेवले आहेत आणि परदेशी रंधा-पटाश्यांवर त्यांची नजर आहे. त्या विचारतात: आजोबांची हत्यारं वापरू की जपून ठेवू? पैसे परदेशी हत्यारांवर घालू की मशीनवर? आणि मुळात माझ्या हातात कसब नसताना हे करावं का?

उत्तर:

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचे दोन त्याच्यावरच उभे आहेत. तुम्ही लिहिलंय, "पटाशीनं लाकूड कापलं नाही, चेचलं. म्हणजे माझ्या हातातच ते नाही." हा निष्कर्ष तुम्ही फार घाईनं काढलात. चेचलेलं लाकूड पाहून पात्याची अवस्था कळते, हाताची नाही.

दुकानातून येणारी पटाशी घडवलेली असते, पण तिला धार लावलेली नसते. कारखान्यात ग्राइंडरवर तिला २५ अंशांच्या आसपास उतार दिलेला असतो आणि गंजू नये म्हणून वर लॅकर फासलेलं असतं. तो उतार उजेडात तिरपा धरून पाहा, ग्राइंडरचे ओरखडे नुसत्या डोळ्यांना दिसतील. ते ओरखडे थेट कडेपर्यंत जातात, त्यामुळे कडही दातेरी राहते. महागड्या पटाशीलासुद्धा निसण्यावर नेल्याशिवाय काम करता येत नाही, फक्त तिला मेहनत कमी लागते. तुम्ही त्या सेटमधल्या पटाश्या पाकिटातून काढून थेट लाकडावर चालवल्यात. याचा अर्थ, धारदार पटाशीनं तुम्ही अजून एकदाही काम केलेलं नाही. हाताची परीक्षा अजून व्हायचीच आहे.

फटींचंही एक कारण मला तुमच्या वर्णनात दिसतं. तुम्ही पटाशी पहिल्यापासून आखलेल्या रेषेवर ठेवून वरून ठोकलीत. पटाशीला एकाच बाजूनं उतार असतो. ती आत जाताना पाचरीचं काम करते आणि सगळं पातं सपाट पाठीच्या दिशेनं, म्हणजे रेषेच्या पलीकडे सरकतं. खाच नेमकी तेवढीच रुंद होते आणि तिथं फट दिसते. आधी रेषेपासून दीड-दोन मिलिमीटर आत राहून माल काढा. शेवटी अर्धा मिलिमीटर उरला की पटाशी रेषेवर टेकवा आणि हाताच्या दाबानं, मोगरी न वापरता, खाली उतरवा. समोरचं लाकूड इतकं थोडं उरलेलं असतं की ते पात्याला मागे रेटू शकत नाही. रेषाही पेन्सिलीनं न आखता धारदार सुरीनं आखा. सुरीच्या चरीत पटाशीची धार आपोआप बसते. नवशिक्यांचे निम्मे जोड एवढ्यानं सुधारतात असा माझा अनुभव आहे.

आता पेटीकडे वळू.

मामांचं म्हणणं उडवून लावू नका. त्यांनी इतकी वर्षं ती पेटी सांभाळली, आणि त्यांच्या "घासू नकोस" मध्ये एक खरी गोष्ट आहे, ती पुढे सांगते. पण आधी एक विचारते: आजोबांचा हात त्या पटाश्यांना नेमका कुठं लागला आहे? गंज आजोबांचा नाही, तो त्यांच्या नंतरचा आहे. सातही पटाश्या शेजारी शेजारी ठेवून लांबी पाहा. एखाद-दुसरी इतरांपेक्षा स्पष्ट आखूड असेल. ती त्यांच्या सगळ्यात जास्त वापरातली, कारण पटाशी धार लावून लावूनच आखूड होते. ज्या माणसानं रोज पातं निसण्यावर घासलं, त्याचं पातं घासणं हा अपमान कसा होईल? खंडेनवमीलासुद्धा हत्यारं पुसून, तेलपाणी करून मगच मांडतात.

आणि आजोबांचा हात आणखी एका ठिकाणी आहे, तो मोजतासुद्धा येतो. तो म्हणजे धारेचा कोन. प्रत्येक सुतार आपल्या लाकडाप्रमाणे, आपल्या कामाप्रमाणे पात्याला कोन देतो. तो शोधायला कोनमापक लागत नाही. पात्याची जाडी मोजा आणि उताराची लांबी मोजा. उतार जाडीच्या बरोबर दुप्पट असेल तर कोन ३० अंश. म्हणजे पातं ४ मिलिमीटर जाड आणि उतार ८ मिलिमीटर. उतार साडेनऊ मिलिमीटर भरला तर कोन २५ अंश. सात मिलिमीटर भरला तर ३५ अंशांच्या जवळपास. हातानं धार लावणाऱ्यांचा उतार थोडा फुगीर असतो, तेव्हा अंशाचा पाचवा हिस्सा शोधत बसू नका. पण एकाही पात्याला हात लावण्यापूर्वी सातही पटाश्यांची रुंदी, जाडी, उतार आणि अंगावरचा शिक्का असं सगळं वहीत टिपून ठेवा. फोटो काढा. अरुंद आणि जाड पटाशीला मोठा कोन असेल तर ती कुसवासाठी, म्हणजे जोडात घुसणाऱ्या लाकडाच्या जिभेसाठी, खाच पाडायची. रुंद आणि पातळ पटाशीला लहान कोन असेल तर ती हातानं तासायची. हे टिपण घेऊन मामांकडे बसा. ते स्वतः सुतारकीत नसले तरी लहानपणी बाबांच्या शेजारी बसलेले आहेत. कुठली पटाशी कशाला, कुठलं लाकूड यायचं, रंध्याला कोण धरायचं, हे त्यांना आठवेल. तुम्ही पेटीचं काय करणार याची त्यांना वाटणारी धास्तीसुद्धा या बोलण्यात कमी होईल, असं मला वाटतं.

त्यांच्या बोलण्यातली खरी गोष्ट आता सांगते. जुनी पाती पुष्कळदा अखंड पोलादाची नसतात. मऊ लोखंडाच्या अंगावर पोलादाचा पातळ थर तापवून जोडलेला असतो, आणि हा थर सपाट पाठीच्या बाजूला असतो. उतार थोडा स्वच्छ केलात की दोन रंग दिसतील: वरचा भाग मंद राखाडी, आणि धारेलगत चमकदार पट्टी. ती पट्टी म्हणजे पोलाद. अशा पात्याची पाठ गंजाचे सगळे खड्डे जाईपर्यंत घासत बसलात तर धार धरणारा थरच संपेल. लाकडी रंध्याच्या जुन्या पात्यांत तर हा थर पात्याच्या खालच्या भागातच असतो, वर निव्वळ लोखंड. म्हणून पाठ घासायची ती धारेपासून फक्त दोन-तीन सेंटिमीटर, आणि पुरेशी सपाट झाली की थांबायचं. एखाद्या पात्यावर इंग्रजीत 'कास्ट स्टील' असा शिक्का निघाला तर त्याला बीड समजू नका. १७४० च्या दशकात शेफील्डच्या बेंजामिन हंट्समननं पोलाद मुशीत वितळवायची पद्धत काढली. त्या मुशीतल्या पोलादाचं हे नाव. उत्तम माल आहे. शिक्का नसेल तर गावातल्या लोहारानं मोटारीच्या कमानपाट्यातून किंवा जुन्या कानशीतून घडवलेली पटाशी असू शकते. तीही कमी प्रतीची समजू नका, पाणी नीट दिलेलं असेल, म्हणजे पातं तापवून, विझवून नीट कडक केलेलं असेल, तर छान धार धरते.

या सगळ्यावरून माझं मत असं: एक पटाशी, मामा म्हणतील ती, आहे तशी ठेवा. वरचा तांबडा गंज पुसून, तेल लावून, बस. बाकीच्या वापरा. मुठींना सँडपेपर मात्र लावू नका. घामानं आणि तळव्यानं गुळगुळीत झालेलं लाकूड परत तसं करता येत नाही. ओल्या फडक्यानं पुसा, वाळू द्या आणि अळशीच्या तेलाचा एक पातळ हात द्या. एक सावधगिरी: अळशीच्या तेलाची फडकी चुरगाळून डब्यात टाकू नका. वाळताना ती तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. मोकळी पसरून वाळवा, मगच फेका.

गंज काढायला घाई नको. आधी रॉकेल किंवा शिलाई मशीनचं तेल लावून रात्रभर ठेवा आणि बारीक स्टीलवुलनं चोळा. तांबडा गंज जाऊ दे, काळा डाग राहिला तर राहू दे, तो काही वाढत नाही. फारच चढलेला असेल तर मूठ काढून पातं लिंबूसत्त्वाच्या पाण्यात ठेवा, लिटरला ५० ग्रॅमच्या हिशेबानं, काही तास. दर तासाला पाहत राहा. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, धुऊन, लगेच कोरडं करून तेल लावा. पाठीवर धारेजवळच खोल खड्डे असतील तर ते पातं तूर्त बाजूला ठेवा. दोन सपाट बाजू जिथं मिळतात ती धार, आणि पाठीवर खड्डा असेल तर तिथं धारेला खोबण पडणारच. जुन्या बाजारात पटाशी विकत घेणाऱ्यांनीही आधी पाठच उलटी करून पाहावी. मूठ तुटलेली चालेल, पाठ खड्ड्यांनी भरलेली नको.

आणि धार लावणाऱ्या फिरत्या कारागिराकडे ही पाती देऊ नका. विळी, कात्री यांच्यासाठी तो बरोबर आहे. पण कोरड्या चाकावर पटाशीची पातळ कड क्षणात तापते. कड निळी झाली की ती ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचली, आणि पात्याला दिलेलं पाणी तिथं उतरलं असं समजायचं. मग कितीही घासा, धार टिकत नाही. निळा भाग पूर्ण काढून टाकावा लागतो. पेटीतल्या एखाद्या पात्याची कड आधीच निळसर दिसते का, तेही पाहून घ्या.

धार लावायला काय लागतं? काचवाल्याकडून ६ मिलिमीटर जाडीच्या काचेचा तुकडा आणा, साधारण वीतभर रुंद आणि हातभर लांब, कडा घासून घेतलेला. वॉटरपेपर २२०, ४००, ८०० आणि २००० नंबरचे. पाण्याचे दोन थेंब शिंपडून कागद काचेवर चिकटवा. याच्याऐवजी दोन बाजूंचा कार्बोरंडम दगड घेतलात तरी चालेल. पण दगड मधे खोलगट होत जातो, कागदाची काच सपाट राहते, म्हणून सुरुवातीला मी काच सांगते. आजोबांचा निसणा टाकू नका. शहाबादी फरशीवर वाळू आणि पाणी टाकून तो गोल गोल घासा, पुन्हा सपाट होईल. मेहनतीचं काम आहे, पण त्या दगडाची बारीक बाजू अजून उत्तम असेल.

प्रथम पाठ. पातं काचेच्या कडेशी आडवं टेकवा, बोटांनी धारेजवळ दाबा आणि पुढे-मागे घासा. धारेलगतची पट्टी एकसारखी चमकू लागली की पुढचा बारीक कागद घ्या. हे काम आयुष्यात एका पात्याला एकदाच करायचं असतं, म्हणून इथं कंटाळू नका. मग उतार. हातानं कोन धरता येईलच असं नाही, तेव्हा चाकाचं छोटं होनिंग गाइड घ्या. त्यात पातं पकडलं की कोन ठरून जातो. बाजूनं पकडणाऱ्या नेहमीच्या गाइडमध्ये पटाशी ४० मिलिमीटर बाहेर ठेवली की २५ अंश आणि ३० मिलिमीटर ठेवली की ३० अंश मिळतात. रंध्याच्या पात्याला हेच आकडे ५० आणि ३८ आहेत. लाकडाच्या फळीवर या अंतरांचे ठोकळे खिळवून ठेवले की दर वेळी मोजावं लागत नाही.

कागदावर पातं स्वतःकडे ओढा, पुढे ढकललं तर कागद फाटतो. थोड्या वेळानं पाठीच्या बाजूनं अंगठा धारेपासून बाहेरच्या दिशेनं फिरवा, धारेच्या लांबीनं नव्हे. पूर्ण रुंदीभर एक खरखरीत दुमडलेली कड लागली पाहिजे. वर्कशॉपात तिला 'बर' म्हणतात. ती एका कोपऱ्यात लागत नसेल तर त्या कोपऱ्यात अजून धार आलेलीच नाही. बर येण्याआधी बारीक कागदाकडे गेलात तर पातं चकचकीत दिसेल आणि बोथट राहील. नवशिके अडकतात ते बहुतेक इथंच. बर आली की ४००, ८००, २००० असं चढत जा आणि शेवटी पाठ २००० वर सपाट टेकवून बर काढा.

अखेरचा हात चामड्यावर. तुम्ही कोल्हापुरात आहात, ही तुमची मोठी सोय. चप्पल करणाऱ्या एखाद्या कारागिराकडून वनस्पतींच्या रसात कमावलेल्या चामड्याचा तुकडा मागून घ्या, फळीवर चिकटवा आणि त्याला हिरवं पॉलिशिंग कंपाउंड चोळा. पातं फक्त मागे ओढायचं, आणि शेवटी उचलताना मनगट वळू द्यायचं नाही, नाहीतर धार गोल होते.

झालेली धार हाताच्या केसांवर तपासू नका. मऊ लाकडावर तपासा. पॅकिंगच्या खोक्यातलं पाइन किंवा पांगारा घ्या आणि आडव्या कापलेल्या टोकावरून पातळ काप काढा. मागे उरलेला भाग गुळगुळीत आणि तुकतुकीत दिसला तर धार आली. पांढुरका, चुरगळलेला दिसला तर परत निसण्यावर जा. कठीण लाकडाचे तंतू बोथट पात्यालाही टेकू देतात, मऊ लाकडाचे मोडून पडतात. म्हणून मऊ लाकूड ही अधिक कडक परीक्षा आहे.

तुम्ही पेटी सागवानात केली होतीत. सागात सिलिका असते, वाळूतलीच. ती पात्याची कड भराभर खाते. सागात काम करताना धार लवकर गेली तर पटाशीला किंवा स्वतःला दोष देऊ नका. काम थांबवून चामड्यावर पंधरा-वीस हात द्या आणि पुन्हा सुरू करा. त्यानं भागेनासं झालं की २००० च्या कागदावर जा. सागासाठी ३० अंशांचा कोन २५ पेक्षा जास्त टिकतो. आजोबांच्या पटाश्यांवर तो कोन सापडला तर नवल वाटायला नको. सरावासाठी मात्र साग महाग आहे. पाइनवर हात बसला की शिवण घ्या, हलकं, मायाळू आणि वळणवाकणं कमी करणारं लाकूड. मामांच्या भागात फणसाची फळी मिळाली तर तीही सुंदर.

रंध्यांचं. लाकडी रंधे कुडाळच्या दमट हवेतून कोल्हापुरात आलेत, त्यांना काही आठवडे नुसते घरात राहू द्या. लाकूड हवेप्रमाणे हलतं, आज तळ तासून सपाट केलात तर महिन्यानं पुन्हा वाकडा होईल. पातं पुढे घ्यायचं तर पात्याच्या डोक्यावर हलकी टोक, मागे घ्यायचं तर रंध्याच्या मागच्या टोकावर मोगरीची टोक. दर वेळी पाचर घट्ट करा. लोखंडी रंधा बहुधा स्टॅन्लीच्या नमुन्याचा असेल. लिओनार्ड बेलीनं अमेरिकेत ही रचना केली आणि १८६९ मध्ये स्टॅन्ली कंपनीनं त्याचे पेटंट हक्क घेतले. आपल्याकडेही याच नमुन्याचे रंधे बनत आले. याच्या पात्यावर दुसरं एक लोखंडी पान बसतं. ते धारेपासून अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून कमी अंतरावर आणा. उलटसुलट तंतूंच्या सागात लाकूड उपटलं जातं, ते या एका बदलानं पुष्कळ थांबतं. जवळजवळ कुणी हे अंतर पाहत नाही आणि मग नवा महाग रंधा विकत घेतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

करवतींना तूर्त फक्त पुसून तेल लावा. दात तिकोनी कानशीनं घासणं आणि ते आलटून पालटून डावी-उजवीकडे वाकवणं हे वेगळं कौशल्य आहे, पटाशीवर हात बसल्यावर शिका. पण दात कुठल्या दिशेला झुकलेत ते पाहून ठेवा, करवत ढकलताना कापते की ओढताना ते त्यावरून कळेल.

यजमानांचा मुद्दा चुकीचा नाही, तो वेगळ्या कामासाठी आहे. प्लायवूडचं कपाट, किचन ट्रॉली करायची असेल तर मशीनच घ्या. प्लायमधला डिंक हातहत्यारांची धार मारतो आणि तिथं हातानं काम करण्यात काही मिळवायचं नाही. पण तुम्हाला पेटी, पाट आणि पुढे कधी देव्हारा करायचा आहे. फ्लॅटमध्ये रूटरचा (खाचा पाडणाऱ्या मशीनचा) आवाज आणि बारीक धूळ, शेजारी आणि लहान मुलगी, हे रोज जमणार नाही. दोघांचंही ऐकायचा एक मार्ग आहे. जाड फळ्या हातानं तासत बसू नका. सॉ मिलमधून किंवा ओळखीच्या सुताराच्या वर्कशॉपमधून मशीनचा रंधा मारून, हव्या त्या जाडीच्या फळ्या करून आणा. घाम काढणारं काम मशीन करेल. मापं आखणं, जोड करणं, शेवटचा हात फिरवणं तुमच्याकडे राहील, आणि तेवढ्याला संध्याकाळचा तास पुरतो.

काम कुठं करायचं हेही तुम्ही विचारलंय. जेवणाच्या टेबलाला दोन सी क्लॅम्पनी जाड फळी आवळली की पटाशीचं काम होतं. रंध्यासाठी ते टेबल उंच पडेल. तेव्हा जमिनीवर बसून, पाटाला अडसर ठोकून आणि लाकूड पायानं दाबून काम करा. आपल्याकडचे सुतार असेच बसत आले आहेत. पटाशी चालवताना एकच नियम मुलीलाही शिकवा: दोन्ही हात धारेच्या मागे. लाकूड हातात धरून दुसऱ्या हातानं पटाशी कधीही नाही.

घरी आलेले सुतार "बाईमाणसाला कशाला हे" म्हणून हसले, असंही तुम्ही लिहिलंय. पुढच्या वेळी त्यांना "काम शिकवाल का" असं विचारू नका, "तुम्ही धार कशी लावता, दाखवा" असं विचारा. पिशवीतून दगड निघेल आणि गप्पा सुरू होतील. पुढे शिस्तीत शिकावंसं वाटलं तर आयटीआयमध्ये सुतारकामाचा ट्रेड आहे, आणि बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ वुड सायन्स अँड टेक्नॉलॉजीत लाकूडकामाचं प्रशिक्षण मिळतं.

राहिले पैसे. आत्ता काच, कागद, गाइड, चामडं, दोन क्लॅम्प, मार्किंग गेज (कडेला समांतर रेषा आखायचं साधन) आणि बारीक दातांची, पाठीवर जाड पट्टी असलेली एक करवत घ्या, इंचाला १२ ते १४ दातांची. हे सगळं तुमच्या ४५ हजारांतल्या फार थोड्या भागात बसतं. ज्या वाचकांकडे आजोबांची पेटी नाही त्यांनी यात १२ आणि २५ मिलिमीटरच्या दोन साध्या पटाश्या धराव्यात. सहाचा सेट नको, त्यातल्या चार पडून राहतात. कॅनडाचे व्हेरिटास किंवा अमेरिकेतल्या मेनचे ली-नील्सन यांचे रंधे अप्रतिम असतात, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्यांचंही पातं सागात बोथट होणार आणि तुम्हालाच त्याला धार लावायची आहे. काम करता करता "मला ६ मिलिमीटरची पटाशी कमी पडते" इतकं नेमकं जेव्हा म्हणता येईल, तेव्हा ती एकच पटाशी हवी तेवढी महाग घ्या. तोवर उरलेले पैसे चांगल्या लाकडासाठी राखून ठेवा.

पहिली धार त्या स्वस्त सेटमधल्या १२ मिलिमीटरच्या पटाशीला लावा, आजोबांच्या नाही. बर कशी लागते, पाठ किती घासायची, मनगट कुठं हलतं, हे त्या पटाशीवर शिकून घ्या. मग पेटीतली सगळ्यात आखूड पटाशी हातात घ्या. ती आजोबांच्या कोनातच ठेवा, मला बरोबर वाटतो म्हणून दुसरा देऊ नका. तुमचं मोजमापाचं टिपण झालं की मला पाठवा, विशेषतः अरुंद पटाश्यांचे उतार आणि लोखंडी रंध्यावरचा शिक्का. कुठली पटाशी कुठल्या कामाची असावी, हे त्यावरून आपण मिळून ठरवू.